हसल्याची साक्ष

मित्रांनो, माझ्या अंगावर धूळ आहे, डाव्या बाजूची कळ अर्धी तुटली आहे आणि पोटाचं झाकण रबराने बांधलेलं आहे. हे सगळं मला ठाऊक आहे, तुम्ही नाक मुरडून दाखवायची गरज नाही. पेडगावच्या चंद्रभान साउंड सर्व्हिसच्या कपाटात, गुंडाळलेल्या वायरींच्या बाजूला पडलेला, आवाज टिपणारा जुना रेकॉर्डर म्हणजे मी. दोन सेल घातले की अजून चालतो. पण मला चालवतो कोण?

माझा कारखाना कुठला, मला कोणी घडवलं, हे विचारू नका, मला ते आठवत नाही. मी टिपलेला पहिला आवाज मात्र पक्का आठवतो. "हॅलो, हॅलो, माइक चेक, एक, दोन, तीन." तो चंद्रभान होता. तीन एकर कोरडवाहू जमीन, दोन मोठे भोंगे, चार बॉक्स आणि एक कॉम्प्युटर, एवढा त्याचा पसारा. पन्नाशीचा, कमी बोलणारा, आणि आवाजाच्या बाबतीत भलता सोवळा. कीर्तन टिपून आणलं की तो कॉम्प्युटरपुढे मांडी ठोकून बसायचा. त्यातला खोकला काढायचा, लेकराचं रडणं काढायचा, मागे कोणी तंबाखू थुंकलं असेल तर तेही काढायचा. मग मोबाईलच्या चिपा भरून घ्यायला गावोगावचे लोक यायचे. चंद्रभानचा आवाज म्हणजे निवडलेले तांदूळ, असं म्हणायचे. हे ऐकलं की चंद्रभान कान खाजवायचा. खूश झाला की तो तेवढंच करायचा.

त्याच्या हातून मी कीर्तनं टिपली, हळदीचे कार्यक्रम टिपले, पुढाऱ्यांची भाषणं टिपली. आणि मग मला पिंगळीचा सिद्धोधन भेटला.

सिद्धोधन एका शाळेत लिपिक होता. अंगाने काडी, आवाज मात्र खणखणीत. पेटी नाही, ढोलकी नाही, हा बाबा एकटाच माइक धरून उभा राहायचा आणि दोन तास लोकांना हसवायचा. शहरात त्याला स्टँड-अप म्हणतात म्हणे. आमच्याकडे लोक म्हणायचे, "चला, सिद्धूचं बोलणं हाय."

त्याचं बोलणं कसं असायचं, एक नमुना ऐका. "आपल्याकडं आता जात कुणीच विचारत न्हाई. लय सुधारलो आपण! फक्त विचारतेत, गाव कोणतं? मग, गावात कुठं? मग, मारुतीच्या अंगाला का ओढ्याच्या अंगाला? मग पाणी देतेत. पेला बघितला की कळतं आपलं उत्तर बराबर आलं का न्हाई."

यावर दोन्ही अंगांची माणसं हसायची. ओढ्याकडची मोठ्याने, मारुतीकडची जरा इकडेतिकडे बघून. मी दोन्ही हसणी वेगवेगळी ओळखायचो.

तो कोणालाच सोडत नसे. बायकोला, सुकेशनीला, पहिल्या रांगेत बसवून तिच्याच माहेरची टर उडवायचा आणि ती पदराने डोळे पुसत हसायची. पेडगावच्या म्हाताऱ्या दगडाबाईचं हसणं सगळ्यांच्या वर चढायचं, तर तो मधेच थांबून म्हणायचा, "मावशे, दम खा, अजून इनोद सांगितलाच न्हाई!" एकदा त्याने माझ्याकडेही बोट केलं. म्हणाला, "चंद्रभानमामाचं हे यंत्र बघा. गावात एवढं एकच हाय, जे ऐकतं तेवढंच सांगतं." मित्रांनो, माझी इतकी तारीफ त्याआधी आणि त्यानंतर कोणी केली नाही.

पण हसवणाऱ्या माणसाला सुखाने कोण जगू देतं? कार्यक्रम करायचा तर आधी सगळं बोलणं कागदावर लिहून द्या, असा हुकूम निघाला. कोणत्या कार्यालयातून निघाला ते मी सांगणार नाही, मला अजून जगायचं आहे. तिथल्या साहेबांनी त्याच्या सतरा वाक्यांवर लाल रेघ मारली. सिद्धोधनने काय करावं? कार्यक्रम केला. सोळा पानं म्हणून दाखवली आणि जिथे जिथे लाल रेघ, तिथे नुसता गप्प उभा राहिला. कपाळावर आठी नाही की ओठावर हसू नाही. लोकांना त्या गप्प राहण्यालाच सगळ्यात जास्त हसू फुटायचं. एकदा तर तो सलग चार मिनिटं गप्प होता आणि लोक पोटं धरून लोळत होते. ते सगळं मी जसंच्या तसं टिपलं.

मग तो वरच्या कोर्टात गेला. अडीच वर्षं खेटे घातले. माधवीताई नावाच्या वकील होत्या परभणीच्या, त्यांनी केस लढवली आणि जिंकली. बोलायच्या आधीच माणसाच्या तोंडावर रेघ मारता येणार नाही, असा निकाल लागला. त्या दिवशी परभणी स्टेशनावर लोकांनी सिद्धोधनला खांद्यावर घेतलं. गुलाल इतका उधळला की माझ्या जाळीत अडकला, चंद्रभानला दात कोरायच्या काडीने काढावा लागला. ते खांदे लक्षात ठेवा. मी त्यांना विसरलेलो नाही.

त्या निकालानंतर सिद्धोधनने एक नियम केला. कार्यक्रमाला येणाऱ्याने मोबाईल दारातच टमाट्याच्या क्रेटमध्ये ठेवायचा. "माझं बोलणं तुकडा तोडून न्यायचं न्हाई," तो म्हणायचा. "ऐकायचं तर अख्खं ऐका. मामाच्या यंत्रात अख्खं राहील." म्हणजे त्याच्या बोलण्याचा एकमेव रखवालदार मी. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला सांगू!

पोखर्णी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात तो कार्यक्रम झाला. दोनशे माणूस होतं. पहिल्या रांगेत, सोफ्यावर, भागाचे पुढारी बालाजीराव बसले होते. आठवडाभरापूर्वी त्यांचे चुलते वारले होते आणि चौकाचौकात त्यांच्या श्रद्धांजलीचे बॅनर लागले होते. सिद्धोधनने बरोबर तेच धरलं.

"बॅनर बघितला का? मेलेल्या माणसाचा फोटो एवढुसा, कोपऱ्यात. अन् दुःख झालेले चाळीस जण, गॉगल लावून, दात काढून! यमदूत आला बिचारा. खाली उभा राहून बघायलाय, बघायलाय. शेवटी वर फोन लावला. म्हणला, महाराज, नेमका कोणाला आणायचा? सगळेच मजेत दिसायलेत. वरून उत्तर आलं, फोटो मोठा कोणाचा हाय? म्हणला, बालाजीरावाचा. मग वाट कशाची बघता? न्या त्याला! मोठा तोच हाय!"

कार्यालयाचे पत्रे हादरले. आणि मित्रांनो, नीट ऐका, सगळ्यात आधी कोण हसलं? बालाजीराव. त्यांचं हसणं म्हणजे मोटरसायकल सुरू होताना फटफटते तसं, दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही. हसता हसता ते सोफ्यावरून ओरडले, "अरे न्या, पण बॅनरसकट न्या! लय खर्च झालाय!" तेव्हा तर लोक खुर्च्यांवरून पडले. सिद्धोधननेही हात जोडले, म्हणाला, "हे माझ्यापेक्षा भारी झालं, मालक." हे सगळं माझ्या पोटात होतं, एक तास चाळिसाव्या मिनिटाला.

पंधरा दिवसांनी उमेदवारीच्या मुलाखती होत्या. बालाजीराव आत शिरले तर मागून कोणीतरी पुटपुटलं, "मोठा तोच हाय." अख्खी बैठक खिदळली. वरचे नेतेही हसले आणि तिकीट दुसऱ्याला दिलं. त्या दिवशी बालाजीरावांच्या भावना दुखावल्या. आधी दुखावल्या नव्हत्या, हे मी शपथेवर सांगतो, पण यंत्राला शपथ देतं कोण?

त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. तिच्यात लिहिलं, चुलत्याचा दहावासुद्धा झाला नव्हता, अशात भर सभेत मला मारायची चिथावणी दिली. पुरावा म्हणून चौदा सेकंदांची चित्रफीत जोडली. त्यांच्या एका माणसाने क्रेटमध्ये जुना डबडा मोबाईल टाकला होता आणि खरा मोबाईल बंडीच्या आत ठेवला होता. त्या चौदा सेकंदांत एवढंच होतं, "वाट कशाची बघता? न्या त्याला! मोठा तोच हाय!" पुढे हशा फुटायच्या आत कापलेलं.

सिद्धोधनला शाळेतून निलंबित केलं. पण तो बेफिकीर होता. माधवीताईंना म्हणाला, "ताई, त्यांचे चौदा सेकंद. आपलं दोन तास दहा मिनिटं. त्यात मालक सोता हसायलेत. लावा अन् मोकळे व्हा." ताईंनाही तेच वाटत होतं. कोर्टाने मूळ यंत्र हजर करायला सांगितलं, चार दिवसांची मुदत होती. ताई चंद्रभानला फोनवर म्हणाल्या, "मामा, रेकॉर्डिंग स्पष्ट पाहिजे बरं का. न्यायाधीशांना सिद्धोधनचा शब्द न् शब्द ऐकू आला पाहिजे."

एवढंच म्हणाल्या त्या. आणि चंद्रभानला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कामाची कोर्टाला गरज पडली आहे.

त्याने मला फडक्याने पुसलं, कॉम्प्युटरला जोडलं. नवीन सोय आली होती, एक कळ दाबली की बोलणारा एकीकडे आणि गलका एकीकडे. त्याने गलका काढला. खुर्च्यांचे आवाज काढले. टाळ्या काढल्या. दगडाबाईचं हसणं काढलं. दोनशे माणसांचं हसणं काढलं. माइकपासून लांब, सोफ्यावरून कोणीतरी ओरडत होतं, शब्द नीट लागत नव्हते, तेही काढलं. मी ओरडत होतो, अरे मूर्खा, थांब! पण मला तोंड कुठे आहे? मला कानच दिलेत देवाने.

मग त्याला वाटलं, एकच कार्यक्रम साफ आणि बाकीचे कचऱ्याचे, बरं दिसणार नाही. म्हणून त्याने माझ्यातले सगळे नऊ कार्यक्रम धुऊन काढले. लाल रेघेच्या त्या कार्यक्रमात जिथे लोक लोळत होते, तिथे आता चार मिनिटं काहीच नव्हतं. शेवटी स्वतःशीच म्हणाला, "दोन दोन ठेवले तर खामखा शंका घेतील." आणि मूळ आवाज पुसून साफ केलेला भरला. कॉम्प्युटरमधलंही काढून टाकलं. कान खाजवला आणि जेवायला उठला.

कोर्टात मला टेबलावर ठेवलं, मोठ्या स्पीकरला जोडलं. न्यायाधीश चांगले होते, त्यांना मी नावं ठेवणार नाही. दोन तास दहा मिनिटं त्यांनी खाली मान घालून ऐकलं. मित्रांनो, हशा काढून टाकलेला विनोद तुम्ही ऐकला आहे का? एक माणूस रिकाम्या खोलीत कोणाला तरी शिव्या देतोय, असं वाटतं. बायकोच्या माहेरची टर, म्हातारीला दमदाटी, जातीवरून टोमणे, मेलेल्या माणसाची चेष्टा. मधे मधे उगीच थांबतोय. परत बोलतोय. आणि मग, "न्या त्याला! मोठा तोच हाय!" पुढे शांतता. मग तोच आवाज, विनाकारण, "हे माझ्यापेक्षा भारी झालं, मालक."

सिद्धोधनचा चेहरा आधी गोंधळला. मग त्याने चंद्रभानकडे पाहिलं. चंद्रभान शेवटच्या बाकावर पाण्याची बाटली घट्ट धरून बसला होता. त्याला तेव्हा कळलं.

न्यायाधीशांनी बालाजीरावांना विचारलं, "तुम्ही स्वतः त्या वेळी हसला होतात, असं बचाव पक्षाचं म्हणणं आहे."

बालाजीरावांना काय झालंय ते क्षणभर समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. "सायेब, तुमीच ऐकलं की. कोणी हसायलंय का? घरात सुतक असताना मी हसन का?"

चंद्रभान उभा राहिला. "सायेब, हसणं व्हतं. लय व्हतं. मीच काढलं."

"का काढलं?"

"साफ यावं म्हणून."

"मूळ कुठे आहे?"

"पुसलं, सायेब."

सरकारी वकिलांना आणखी काय हवं होतं! आरोपीच्या माणसाने पुरावा बदलला, हे त्याच्याच तोंडून आलं. आता माझं कशालाच मोल उरलं नाही. माधवीताईंनी हात जोडून मुदत मागितली. यंत्रात हसणं नसेल, पण हसलेली माणसं तर आहेत. पुढच्या तारखेला दोन साक्षीदार आणा, न्यायाधीश म्हणाले. दोनसुद्धा पुरेत.

सुकेशनी गावोगाव फिरली. चंद्रभान मोटरसायकल चालवायचा, ती मागे बसायची. कोर्टाच्या शिक्क्याने परत मिळालेला मी तिच्या पिशवीत असायचो. कोणी हो म्हणालं तर लगेच टिपून घ्यावं, अशी बिचारीची आशा.

पोखर्णीचे एक गुरुजी. कार्यक्रमात त्यांचा चष्मा गळून पडला होता हसून. म्हणाले, "मी हसलो नव्हतो, वहिनी. मला त्या दिवशी खोकला होता."

एक दुकानदार. "हसलो, न्हाई म्हणत न्हाई. पण दुसऱ्या इनोदाला. त्या इनोदाला बाहेर गेलो व्हतो."

आणखी एक जण, स्टेशनावर सिद्धोधनला खांद्यावर घेणारा. "शेजारचा हसला म्हणून मी हसलो. त्याला विचारा." शेजाऱ्याला विचारलं, तर तो याचं नाव सांगायचा.

एक जण तर उलट सुकेशनीवरच चढला. "तुमच्या नवऱ्यानं हसवलं म्हणून आम्ही आता कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या का? आम्ही म्हणलो व्हतो का हसव म्हणून?"

शेवटी दगडाबाई. ती दारातच सुकेशनीच्या गळ्यात पडली. "हसले व्हते माय, लय हसले व्हते. रातभर बरगड्या दुखल्या माझ्या. पण नातवाच्या घरकुलाचा कागद बालाजीरावाच्या हातात हाय. मला नको वढू." आणि आत जाऊन शेरभर तुरीची डाळ घेऊन आली. सुकेशनीने ती घेतली नाही. म्हातारी डाळ हातात धरून रडत उभी राहिली. तिचं रडणं मी टिपलं. ते मात्र कोणी साफ केलं नाही.

सगळी गावं फिरून झाली. दोनशे माणसांत दोन निघाले नाहीत. सुकेशनी स्वतः पिंजऱ्यात उभी राहिली, म्हणाली, "मी हसले व्हते." सरकारी वकील म्हणाले, "बायको आहे." झालं.

सहा महिन्यांची कैद. निकालानंतर शिपायाने दंडाला धरून बाहेर काढलं, तेव्हा दारात चंद्रभान उभा होता. त्याला माफी मागायची होती. सिद्धोधन थांबला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मामा, आवाज मात्र लय साफ आलाय."

माझ्या आयुष्यात ऐकलेला सगळ्यात निर्दय विनोद तो. कोणी हसलं नाही. चंद्रभान तिथेच पायरीवर बसला आणि त्याने स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, दोनदा. त्यानंतर त्याने कॉम्प्युटर विकून टाकला. आता कीर्तनात खोकला आला तर खोकला राहतो.

सिद्धोधन सुटून आला तेव्हा नोकरी गेलेली होती. अपील चालू होतं. एका रविवारी, भर दुपारी, पिंगळीच्या विहाराच्या आवारात तो परत उभा राहिला. मंडप नाही, बॅनर नाही. साठ-सत्तर माणसं आली. काही प्रेमाने, काही हा जेलातून कसा दिसतोय ते बघायला. साक्ष न देणारेही आले होते, मागे मागे बसले होते. दगडाबाई भिंतीच्या सावलीला होती. मोबाईल कोणी आणलाच नव्हता. चंद्रभानने मला स्टुलावर ठेवलं, कळ दाबली. माझा लाल दिवा लागला.

सिद्धोधन म्हणाला, "जेलात पहिल्याच दिवशी विचारलं, काय करून आला? म्हणलं, इनोद. ते म्हणले, किती मेले? म्हणलं, दोनशे माणसात एक हसलेला सापडला न्हाई, मेलेला कुठून सापडल?"

चांगला होता हो विनोद! मी वाट पाहिली. कोणी हसलं नाही. हसू आलं नव्हतं असं नाही. गुरुजींचे गाल फुगले होते, दगडाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. पण सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. माझ्या लाल दिव्यावर. उद्या हे यंत्र पुन्हा कुठे टेबलावर ठेवलं गेलं आणि त्यात आपलं हसणं निघालं तर?

त्याने दुसरा विनोद सांगितला. तिसरा सांगितला. तीच गत. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मामा, बंद करा ते."

चंद्रभानने कळ दाबली. ती अर्धी तुटकी कळ, दिवा काही विझेना. मागून कोणीतरी ओरडलं, "जळायलाय अजून! सेल काढा, सेल!"

चंद्रभानने रबर सोडलं, झाकण उघडलं आणि सेल काढून घेतले.

पुढचं मला माहीत नाही. ते हसले का? दगडाबाईने तोंडातला पदर काढला का? मी चंद्रभानला विचारू शकत नाही, आणि तो सांगत नाही. महिनाभराने त्याने सेल घालून मला एका लग्नात लावलं, तेव्हा मी त्याच्या हाताकडे बघत होतो. ती दुपार आठवून तो कान खाजवेल म्हणून. खाजवला नाही. त्यानंतर मी या कपाटात आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी म्हातारी यंत्रं शेवटी विनवतात, आम्हाला पुसा, जपा, फेकू नका. मला नका पुसू. पुसण्यानेच घात झाला आहे माझा. माझं मागणं दुसरं आहे. तुम्ही कधी कोणाच्या बोलण्याला पोट धरून हसला असाल, आणि पुढे त्याची बायको तुमच्या दारात येऊन विचारू लागली, तर खोकल्याचं नाव सांगू नका. "हो वहिनी, मी हसलो होतो," एवढं म्हणा आणि चपला घाला. दोन माणसं पुरली असती.